नाव ठेवणे आणि हाक मारणे



बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला आईवडील येतात तेव्हा हल्ली जन्मदाखल्याच्या आधी मोबाईल पुढे येतो. त्यात नावांची लांबलचक यादी असते आणि प्रत्येक नावापुढे अर्थ लिहिलेला असतो. एकाच नावाला एका यादीत ‘देवाची कृपा’ म्हटलेले असते आणि दुसऱ्या यादीत ‘समुद्राची लाट’. मग प्रश्न येतो, “फादर, नक्की अर्थ काय? बायबलमध्ये आहे का हे नाव?” प्रश्न चांगला आहे, पण त्याचे उत्तर ऑफिसच्या दारात उभ्या उभ्या देण्यासारखे नाही. म्हणून आज हे पान.

बायबलमधील नावांना अर्थ आहेत यात शंका नाही. आदाम म्हणजे मातीतला, कारण हिब्रू भाषेत जमिनीला ‘अदामा’ म्हणतात. हव्वा म्हणजे जीवन. इसहाक म्हणजे ‘तो हसतो’. नव्वदीच्या सारेला मूल होणार हे ऐकून आधी अब्राहाम हसला, मग सारा हसली, आणि ते हसू कायमचे मुलाच्या नावात राहिले. असे अर्थ सांगत बसलो तर दोन-चार रविवार सहज जातील.

परंतु केवळ अर्थ पाहूनच नाव निवडायचे असेल तर मी एक नाव सुचवतो: यहूदा. याचे मूळ ‘स्तुती’ या शब्दात आहे. लेआने चौथ्या मुलाच्या वेळी, आता मी परमेश्वराची स्तुती करीन, असे म्हणून हे नाव ठेवले. याहून सुंदर अर्थ कोणता हवा? तरीही मुलाचे नाव यहूदा ठेवा म्हणत आजवर माझ्याकडे कोणी आलेले नाही. आणि गंमत अशी की, संत ज्यूडची नोव्हेना मात्र आपण श्रद्धेने करतो. ज्यूड आणि यहूदा हे एकच नाव आहे. बारा प्रेषितांत या नावाचे दोघे होते. योहानाला आपल्या शुभवर्तमानात दुसऱ्याविषयी लिहिताना ‘इस्कार्योत नव्हे’ असा खुलासा करावा लागला. शब्द एक, अर्थ एक. एकाच्या नावाने मेणबत्त्या लागतात, दुसऱ्याचे नाव शिवी होऊन बसले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना प्लेटोचा ‘क्रातिलस’ हा संवाद वाचावा लागे. नाव हे वस्तूच्या स्वभावातूनच येते, की माणसांनी आपसात ठरवून दिलेले असते, असा त्यातला वाद आहे. दोन्ही बाजूंनी हुशारीचे मुद्दे आहेत. बायबल मात्र या वादात फारसे पडत नाही. ते एक वेगळीच गोष्ट विचारते: हाक कोण मारतो, आणि कशासाठी?

आपली मराठी भाषाही याच बाजूची आहे. आपण मुलाचे नाव ठेवतो, आणि शेजाऱ्याला नावे ठेवतो. मुलाने नाव काढावे अशी आशा धरतो. नवी सून उखाण्यात नवऱ्याचे नाव घेते. एरवी जुन्या बायका ते नाव ओठांवर आणत नसत, ‘हे’ किंवा ‘अमक्याचे वडील’ म्हणत. (यहुदी लोकही आदरापोटी देवाचे नाव उच्चारत नाहीत. ते अक्षर आले की ‘प्रभू’ असे वाचतात. आपल्या आजीबाईंना हे चटकन समजले असते.) आणि नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण तर आपण रोजच वापरतो. शब्दकोशातला अर्थ आणि जगण्यातला अर्थ यांची फारकत आपल्या लोकांना फार पूर्वीच कळलेली होती.

पूर्वी ज्या घरात मुले जगत नसत त्या घरात मूल झाले की त्याचे नाव धोंडू, दगडू, केरू, कचरू असे ठेवत. दृष्ट लागू नये, मरणाचे लक्ष त्याच्याकडे जाऊ नये, म्हणून. कोशात पाहिले तर कचरू म्हणजे कचराच. पण ती आई दिवेलागणीला ओसरीवरून ‘कचरू’ अशी हाक मारत असे तेव्हा त्या हाकेत तिचा सगळा जीव असे. याच्या उलट दुसरे नाव पाहा: नकुशी. मुलाची वाट पाहत असताना तिसरी, चौथी मुलगी झाली की तिला हे नाव मिळे. हे नाव दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेले नव्हते. त्यात जे म्हटले होते तेच म्हणायचे होते. शाळेत हजेरी घेताना रोज गुरुजींनी ‘नकुशी’ म्हणायचे आणि तिने ‘हजर’ म्हणायचे. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात एका समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. कित्येकींनी आपले नवे नाव स्वतः निवडले होते.

हे वाचले तेव्हा मला होशेय संदेष्ट्याची आठवण झाली. त्याच्या मुलीचे नाव लो-रुहामा, म्हणजे जिच्यावर दया झाली नाही अशी. मुलाचे नाव लो-अम्मी, म्हणजे माझे लोक नव्हेत. इस्राएलने देवाला सोडले होते, त्याची खूण म्हणून ही कठोर नावे ठेवली गेली. पण पान उलटताच देव म्हणतो, आपल्या भावांना अम्मी म्हणा, आपल्या बहिणींना रुहामा म्हणा. नावातला ‘नाही’ काढून टाकला, बाकीचे तसेच ठेवले. माझे लोक. जिच्यावर दया झाली ती. साताऱ्याच्या त्या मुलींच्या बाबतीत झाले ते याहून वेगळे नव्हते.

बायबलमध्ये अशी आणखी दोन माणसे आहेत. राहेल बाळंतपणात मरता मरता मुलाचे नाव बेनओनी ठेवते, माझ्या दुःखाचा पुत्र. याकोबाचे राहेलवर किती प्रेम होते हे आपल्याला ठाऊक आहे. तरी तो तिचे हे शेवटचे मागणे मान्य करत नाही. मुलाला जन्मभर आईच्या मरणाचे ओझे वाहायला लावू नये, असे त्याला वाटले असेल. तो त्याला बन्यामीन म्हणतो, उजव्या हाताचा पुत्र.

दुसरी नामी. रूथची सासू. नामी म्हणजे गोड, मनोरम. दुष्काळात गाव सोडून मवाबात गेली, तिथे नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. बेथलेहेमला परतल्यावर ती बायकांना सांगते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. या जिल्ह्यात दुष्काळ आणि स्थलांतर म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. ऊसतोडीला गेलेले घर माणूस गमावून परत येते तेव्हा त्या घरातली बाई काय बोलते ते आपण ऐकलेले आहे. आता या पुस्तकाची एक गोष्ट लक्षात घ्या. नामीने इतके स्पष्ट सांगूनही पुढच्या तीन अध्यायांत तिला एकदाही कोणी मारा म्हणत नाही. रूथ म्हणत नाही, बवाज म्हणत नाही, आणि पुस्तक लिहिणाराही म्हणत नाही. शेवटी रूथला मुलगा होतो तेव्हा शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला. त्या बाळाचे नाव ओबेद हेही शेजारणींनीच ठेवले, असे तिथे लिहिले आहे. दुःखात माणूस स्वतःला जे नाव देतो ते शेजाऱ्यांनी उचलून धरायचे नसते.

आता थोडे अवघड बोलतो. आपल्या गावांत एकेकाळी, आणि काही ठिकाणी अजूनही, माणसाचे वय न पाहता वस्ती पाहून हाक मारली जात असे. गावातल्या पाटलाच्या दहा वर्षांच्या पोराला ‘आबासाहेब’, आणि वस्तीवरच्या साठीच्या माणसाला ‘किसन्या’, ‘राम्या’. आईबापांनी किसन हे देवाचे नाव ठेवलेले असे. त्यातली शेवटची दोन अक्षरे गावाने बिघडवली. प्रभू येशूने श्रीमंत माणूस आणि दरिद्री माणूस यांचा दाखला सांगितला तो इथे पुन्हा वाचावा. येशूच्या सगळ्या दाखल्यांत पेरणारा आहे, मेंढपाळ आहे, उधळा मुलगा आहे, पण नाव फक्त एकाच माणसाला आहे, दारात फोडांनी भरून पडलेल्या लाजराला. ज्याच्या घरी रोज मेजवानी झडत होती त्याला नाव नाही. गावात याच्या अगदी उलट असते. तिथे श्रीमंताचे नाव कमानीवर कोरलेले असते आणि दारातल्या माणसाला कोणी नाव विचारत नाही.

लाजर हे एलाजार या नावाचे रूप. अर्थ, देव साहाय्य करतो. १७४५ मध्ये त्रावणकोरच्या राजाच्या सेवेतील नीलकंठ या अधिकाऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याला हेच नाव मिळाले, पण तमिळ रूपात: देवसहायम. १७५२ मध्ये श्रद्धेसाठी त्याला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. त्याच्या नावापुढे ‘पिल्लै’ हे जातीचे नाव लावले जात असे. संतपदाच्या घोषणेपूर्वी त्यावर आक्षेप आला आणि ते वगळण्यात आले. काहींना हा बदल किरकोळ वाटला. मला तसे वाटत नाही. जे नाव लाजराचे, त्याला जातीची शेपटी कशी शोभेल?

नावासाठी माणसे किती दूर जातात हे मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये झाला आणि वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. नाव लागायला १९९४ साल उजाडले. नाव म्हणजे नुसती पाटी असती तर कोणी त्यासाठी घर जाळले नसते, आणि कोणी त्यासाठी सोळा वर्षे वाटही पाहिली नसती.

आपल्या जिल्ह्याचे नावही २०२३ मध्ये बदलले. हैदराबादचे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून आलेले उस्मानाबाद जाऊन धाराशिव हे जुने नाव अधिकृत झाले. २०२४ मध्ये उच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले. (शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे. तिला कोणी विचारलेले नाही.) जुन्या बाप्तिस्मा दाखल्यावर उस्मानाबाद छापले आहे, ते चालेल का, असे काही जण विचारतात. चालेल. कोणते नाव योग्य हा वाद मी या पानावर घालणार नाही. एवढेच म्हणेन की, ज्याला जुने नाव आपले वाटत होते तो शेजारी आजही शेजारीच आहे, आणि नवे नाव त्याला खिजवण्यासाठी उच्चारले तर ते नाव कितीही जुने असो, आपल्या तोंडात ते बिघडलेच.

याच शहरात १० ते १२ जानेवारी २०२० या दिवसांत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ज्यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले आणि ज्यांची मराठी कुणालाही हेवा वाटावा अशी होती, त्यांच्या निवडीला काही जणांनी विरोध केला. २०२४ च्या जुलैमध्ये फादर देवाघरी गेले. त्या विरोधात धर्म होता तसा नावाचाही भाग होता. दिब्रिटो हे आडनाव कानाला परके लागते. वसईत पोर्तुगीज काळात बाप्तिस्म्याबरोबर आडनावेही मिळाली, तशी ती आली आणि राहिली. तिथल्या घरात बोली मराठी, जेवण मराठी, गाणी मराठी. आता आपली गोष्ट याच्या उलट. आपण कांबळे, गायकवाड, साळवे, वाघमारे. मुंबईच्या चर्चमध्ये गेलो की शेजारचा माणूस विचारतो, “तुम्ही ख्रिस्ती?” दिब्रिटोंना विचारायचे, तुम्ही मराठी का, आणि कांबळ्यांना विचारायचे, तुम्ही ख्रिस्ती का. दोघांनीही आपले नाव विकत आणलेले नाही. ज्याला परक्या नावाची अडचण वाटते त्याने मोशेकडे पाहावे. इस्राएलला गुलामीतून सोडवणाऱ्या माणसाचे नाव फारोच्या मुलीने ठेवले होते, आणि विद्वान म्हणतात ते मुळात मिसरी नाव आहे. देवाने झुडपातून हाक मारली ती त्याच नावाने: मोशे, मोशे.

नाव संताचेच हवे का, हाही प्रश्न नेहमी येतो. १९१७ च्या कॅनन कायद्यात असे होते की, धर्मगुरूने ख्रिस्ती नाव ठेवले जाईल असे पाहावे, आणि आईवडील ऐकत नसतील तर त्यांच्या नावाला संताचे नाव जोडून दोन्ही नोंदवहीत लिहावीत. जुन्या वह्यांत अशी जोडनावे दिसतात त्याचे हे कारण. १९८३ च्या कायद्यात, कलम ८५५, एवढेच म्हटले आहे की, ख्रिस्ती भावनेला परके असे नाव नसावे. आशा, प्रकाश, करुणा, शांतवन, दयानंद ही नावे त्यात सहज बसतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नारायणच राहिले. त्यांची भजने आपण गातो तेव्हा कुणाला ते खटकत नाही.

पण आपल्याकडे दोन नावांची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपण एकमेकांत हळू आवाजात बोलतो. नोंदवहीत योसेफ, शाळेच्या दाखल्यावर वेगळेच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख बांधवांना आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांना तो मिळाला. ख्रिस्ती दलिताला तो अजून नाही. वेशीवर त्याला कोणी धर्म विचारून वागवत नाही, पण अर्जाच्या खिडकीवर विचारतात. मग बाप मुलाच्या शाळाप्रवेशाच्या दिवशी विचारात पडतो. हा खोटेपणा आहे का, असे मला विचारले गेले आहे.

दोन नावे असणे हा खोटेपणा नाही. दानीएलाला बाबेलच्या दरबारात बेल्टशस्सर हे नाव मिळाले. राजा स्वतः म्हणतो की ते त्याच्या देवाच्या नावावरून ठेवले होते. दानीएलाने ते नाव नाकारल्याचे कुठे लिहिलेले नाही. राजाच्या ताटातले अन्न मात्र त्याने नाकारले. रेषा कुठे ओढायची हे त्याने ठरवले होते, आणि ती नावावर ओढली नव्हती. हदस्सा राजवाड्यात एस्तेर झाली, आपले कूळ तिने पुष्कळ दिवस सांगितले नाही. पण आपल्या लोकांच्या जिवावर बेतले त्या दिवशी राजासमोर तिने ते सांगितले. न सांगणे आणि नाकारणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर अशाच एखाद्या दिवशी मोजले जाते.

याकोबाची गोष्ट वेगळी. आंधळ्या बापाने विचारले, तू कोण? तो म्हणाला, मी एसाव. ते त्याचे दुसरे नाव नव्हते, ते भावाचे नाव होते, भावाचा आशीर्वाद घेण्यासाठी उचललेले. पुढे कित्येक वर्षांनी यब्बोक नदीकाठी रात्रभर झोंबी झाल्यावर त्याला पुन्हा तोच प्रश्न आला, तुझे नाव काय? या वेळी तो म्हणाला, याकोब. टाच धरणारा, हिसकावून घेणारा. खरे नाव तोंडातून निघाले आणि मगच त्याला इस्राएल हे नाव मिळाले. म्हणून अर्जावर सही करताना मी एवढेच पाहायला सांगेन: आपले नाव सांगतो आहोत की दुसऱ्याच्या वाट्याचे उचलतो आहोत? धर्माच्या रकान्यात खोटे लिहा असे मी कुणाला सांगणार नाही. पण ज्या बापाला असा प्रश्नच पडू नये अशी व्यवस्था आपण अजून मिळवू शकलो नाही, त्याला देवळाच्या दारात अडवून न्याय करायलाही मी बसणार नाही.

पेत्राचे काय झाले तेही आठवा. शिमोनाला येशूने खडक हे नाव दिले. गेथशेमानीत तो झोपला तेव्हा येशू त्याला पेत्र म्हणत नाही. शिमोना, झोपलास का, असे विचारतो. त्याच रात्री अंगणात शेकोटीजवळ त्याला येशूविषयी विचारले तेव्हा त्याने स्वतःचे नाव लपवले नाही, येशूचे लपवले. मी त्या माणसाला ओळखत नाही, म्हणाला. नाव घ्यायलाही जीभ वळली नाही. आणि समुद्रकाठी त्याला परत उभे केले ते पुन्हा जुन्याच नावाने हाक मारून: योहानाच्या पुत्रा शिमोना.

बाप्तिस्म्याच्या विधीत सर्वांत पहिला प्रश्न हाच आहे: या बालकाचे नाव काय ठेवले आहे? उत्तर आईवडिलांनी मोठ्याने द्यायचे असते. पुष्कळदा ते इतके हळू देतात की मागच्या बाकावर ऐकू जात नाही. कृपया मोठ्याने सांगावे.

शेवटी एक विनंती. २ नोव्हेंबरच्या, मृत भाविकांच्या मिस्सेसाठी आपण चिठ्ठीवर नावे लिहून देता. त्यांत आजोबांचे नाव पूर्ण असते आणि पुढे नुसते ‘आजी’ किंवा ‘पणजी’ लिहिलेले असते. आयुष्यभर लोक तिला अमक्याची आई म्हणत आले, त्यामुळे नातवंडांना तिचे नाव ठाऊक नाही. घरात अजून कोणी वयस्कर मंडळी आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे. माहेरचे नाव वेगळे असेल तर तेही लिहावे. चिठ्ठ्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत द्याव्यात.

आपला,
धर्मगुरू